दोन वाजून सात मिनिटांची भरती

तुम्ही पाठवलेला फोटो मी कपाटाच्या काचेला आतून लावला आहे. मागे पडक्या किल्ल्याची भिंत, खाली काळे खडक, वाऱ्याने विस्कटलेली तुमची डोकी आणि बाजूला एक पाटी. चष्मा पुसून मी ती पाटी वाचून काढली. त्या दिवशीच्या भरती-ओहोटीच्या वेळा होत्या, आणि खाली ताकीद होती की वेळ पाहूनच पुढे जा. तुमची आई फोनवर हसली. म्हणाली, "नातवंडं राहिली बाजूला, आजीला पाटी आवडली."

आवडली, हे खरं आहे. आमच्या वेळी अशी पाटी कुठे नव्हती. आमच्याकडे वहिनी होत्या.

वहिनी म्हणजे आमच्या भिवंडीच्या गल्लीतल्या शेजारीण. तुमची आई तेव्हा आठवी-नववीत होती, म्हणजे ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं. वहिनींच्या घराच्या तळमजल्यावर त्यांच्या यजमानांचे माग होते, वर बिऱ्हाड. दोन्ही शिफ्टला माग चालायचे, तेव्हा त्यांच्या मांडणीवरच्या कपबशा दिवसभर बारीक थरथरत असत. पाहुण्यांना ते जाणवायचं, घरच्यांना नाही. वहिनींना मात्र लग्नाला वीस वर्षं होऊनही जाणवायचं. त्या अंजूरच्या, खाडीकाठच्या. "बाई," त्या मला म्हणायच्या, कारण मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, "इथं माझ्या कानात मागच बसलाय. पाण्याजवळ गेले की उठतो."

म्हणून आम्ही पाण्याजवळ जायला लागलो. मी, वहिनी आणि आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिका. या तिसऱ्या वयाने आम्हा दोघींपेक्षा लहान असूनही सगळे त्यांना ताई म्हणत. भिवंडीचे माग शुक्रवारी बंद, आमची शाळा रविवारी बंद. त्यामुळे आमचे शुक्रवार फक्त सुट्ट्यांत जमायचे. सकाळची एसटी पकडायची, कुठेतरी उतरायचं, पाण्याच्या कडेकडेने चालायचं, एखादा पडका बुरूज किंवा चर्चची उभी राहिलेली एकटी भिंत दिसली की तिथे डबे उघडायचे, आणि संध्याकाळी परत. तीन साडीतल्या बायका, पायांत कॅनव्हासचे बूट. कंडक्टर विचारायचे, "कुठलं देवस्थान?" ताई सांगायच्या, "देव नाही, नुसतं स्थान."

हे सगळं वहिनींच्या सासूबाईंच्या एका अटीवर चाललं होतं. दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा वहिनींनीच लावायचा. सासूबाई काल्हेरच्या, त्याही खाडीवरच्याच. उंच, सरळ, लुगड्याचा काष्टा घट्ट, बोलणं मोजकं. पहिल्या खेपेला त्यांनी मला समोर बसवून सांगितलं होतं, "मास्तरीनबाय, फिरा. माजी ना न्हाय. पन एक डाव जरी दिवा चुकला, तर फिरनं बंद. मंग मना इचारायला येऊ नका."

एक डाव म्हणजे एक डाव, हे त्यांच्याकडे पाहूनच कळत होतं. मला आणि ताईंना कुणी अडवणारं नव्हतं. वहिनींचं फिरणं मात्र त्या एका दिव्यावर टांगलेलं होतं. म्हणून मी प्रत्येक फेरीला पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर वेळापत्रक करत असे. निघणे, पोचणे, डबा, परतीची एसटी, आणि लाल शाईत भरती.

भरतीच्या बाबतीत आमच्याकडे दोन मतं असायची. एक पेपरात छापलेलं आणि एक वहिनींचं. वहिनी तिथीवरून सांगायच्या. त्यांचे वडील खाजणातली भातशेती करायचे. खाऱ्या पाण्यापासून शेताचा बांध राखायचा, तर पाणी कधी चढणार हे घरातल्या लहान पोरीलाही ठाऊक असावं लागे. पहिल्या वर्षी आम्ही कशेळी, काल्हेर, पुढे घोडबंदरच्या समोरचा काठ असं खाडीकाठानेच फिरलो. त्या चारही वेळा वहिनी बरोबर निघाल्या आणि पेपर चुकला. मी एकदा कात्रण दाखवलं तेव्हा त्यांनी विचारलं, "हा पेपरवाला कधी चिखलात उतरलाय का?" मी वहीत नोंद केली : पेपरची वेळ सव्वा तास चुकीची. पुढच्या वेळी पुन्हा तीच नोंद. चार फेऱ्या, चार नोंदी, प्रत्येकीत सव्वा तास. वही नीटनेटकी होती. तिच्यात काय लिहिलं आहे याचा विचार मात्र मी केला नाही.

मग नाताळच्या सुट्टीत आम्ही प्रथमच खाडी सोडून समुद्रावर जायचं ठरवलं. वसईच्या पुढे उत्तरेकडे, किनारा जिथे खडकाळ होतो, तिथे पाण्यात एक छोटा पडका किल्ला आहे असं ताईंना कुणीतरी सांगितलं होतं. तिथले लोक त्याला नुसतं 'कोट' म्हणतात. ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं. भरतीच्या तीन तास आधी वाट बुडते आणि भरतीनंतर तीन तासांनी उघडते. तिथी होती बीज. वहिनी म्हणाल्या, "बीजेला पाणी पावणेतीनला भरतं." पेपरात होतं दीड.

आता माझी पंचाईत. वहिनींवर अविश्वास दाखवायचा नव्हता. आणि छापलेली गोष्ट साफ खोटी मानायची, हे माझ्या हातून होत नव्हतं. माझं सगळं शिक्षण छापलेल्यावर विश्वास ठेवण्यात गेलेलं. मग मी दोघांचाही मान राहील असं केलं. कुणाला न सांगता दोन्ही वेळांची सरासरी काढली आणि पुठ्ठ्यावर लाल शाईत लिहिलं : भरती २.०७. त्यातून तीन तास वजा केले : वाट बुडणे ११.०७. सात मिनिटांपर्यंतचा हिशेब पाहून मला स्वतःलाच फार बरं वाटलं.

त्या शुक्रवारी आम्ही साडेनऊला कोटाशी पोचलो. आधी पाऊण तास खडकांवरून चाललो होतो. काळे, भोकाभोकांचे, धारदार खडक. मधल्या डबक्यांत अडकलेले बोटाएवढे मासे. शेवाळावर पाय घसरला की ताई वहिनींना धरायच्या, वहिनी मला, आणि मी पिशवीला, कारण तिच्यात डबे होते. वारा इतका की पदर खोचलेला राहीना. वहिनी शाळकरी मुलीसारख्या पुढे पळत होत्या. कोटापर्यंतची वाट म्हणजे साठ-सत्तर पावलांचा खडकांचा पट्टा, तेव्हा जेमतेम ओला होता.

कोटाचे दोन बुरूज ढासळलेले, तिसरा बरा. तटाच्या चुन्यात शिंपल्यांचे तुकडे अजून चमकत होते. आत एक कोरडं टाकं आणि त्याच्या कडेला कुणीतरी, कोण जाणे किती वर्षांपूर्वी, दगडात खोदलेला सोंगट्यांचा पट. पहाऱ्यावर कंटाळलेल्या कुणा शिपायाचं काम असणार. वहिनी लगेच खाली बसल्या. कवड्यांऐवजी शिंपले घेतले आणि माझ्याशी खेळायला लागल्या. ताई बुरुजाचं चित्र काढत होत्या. मी जिंकत होते. अकराला पाच कमी असताना मी घड्याळ पाहून म्हटलं, "चला, बारा मिनिटं हातात आहेत."

आम्ही दरवाज्यापाशी आलो आणि पाहतो तो वाट नव्हतीच.

खडकांच्या जागी हिरवट पाणी वाहत होतं, आणि चांगलं जोरात. पलीकडच्या खडकांवर एक बाई कालवं फोडत बसली होती. तिने मान वर केली, आम्हाला पाहिलं आणि कोयता बाजूला ठेवून मनापासून हसली.

"अगो बायांनो! अर्धा तास झाला वाट जाऊन! आता बसा तितंच!"

वहिनी ओरडल्या, "पण आज भरती पावणेतीनला ना?"

"पावनेतीन? कुठल्या गावची गो तू?"

"अंजूरची!"

आता ती आणखीच हसली. "अंजूरला असंल पावनेतीन! पानी इतूनच जातं ना तुमच्याकडं? त्याला पोचायला येळ नको? ते काय एसटीनं जातं?"

मी वही काढली. चार नोंदी, चार वेळा सव्वा तास. पेपर कधीच चुकला नव्हता. तो समुद्राची वेळ सांगत होता आणि आम्ही ती खाडीला लावत होतो. वहिनीही चुकल्या नव्हत्या. त्या त्यांच्या बांधाची वेळ सांगत होत्या आणि आम्ही ती समुद्राला लावली होती. सगळं माझ्याच अक्षरात, माझ्याच वहीत होतं.

"मग वाट उघडणार कधी?" ताईंनी विचारलं.

भरती दीडला. म्हणजे साडेचारच्या आधी नाही, फार तर सव्वाचार. मी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला परतीच्या गाड्या मांडल्या. कशाही मांडल्या तरी भिवंडी साडेसात. सूर्य सहा-सव्वासहाला मावळतो.

वहिनी टाक्याच्या कडेला बसल्या. "दिवा चुकला," त्या म्हणाल्या. समुद्राकडे बघत राहिल्या, जणू उद्यापासून दिसणार नाही म्हणून आजच पाहून ठेवत होत्या. "आई म्हणतील, खाडीवरची पोर असून पाणी चुकली. दिव्याचं एकवेळ सोडतील, हे नाही सोडणार."

मग मला कबुली द्यावीच लागली. पुठ्ठा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. "पेपरात दीड होता ना?"

"होता."

"मी पावणेतीन सांगितलेले."

"हो."

"मग हे दोन वाजून सात मिनिटं कुणी सांगितले?"

"सरासरी काढली," मी म्हटलं.

ताईंची पेन्सिल थांबली. वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "बाई, तुमच्या वर्गात दोन पोरींनी दोन उत्तरं दिली, तर तुम्ही मधलं बरोबर देता का?"

आणि त्यांना हसू फुटलं. रडण्याच्या काठावरून आलेलं हसू लवकर थांबत नाही. ताई हसल्या, मग मीही. पलीकडची बाई काय झालं म्हणून उभी राहिली.

त्यानंतरची दुपार, खरं सांगते, आम्ही मजेत घालवली. काळजी होती, पण भूकही होती. वहिनींची तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, माझी पोळी-भाजी, ताईंची फक्त बिस्किटं, कारण त्यांना चित्राच्या सामानापुढे डबा जड व्हायचा. दीड वाजता पाणी तटाच्या पायथ्याला टेकलं. चारी बाजूंना समुद्र आणि मध्ये आम्ही तिघी. ताईंनी उभं राहून त्याचं चित्र काढलं. खाली तिथी आणि वेळ घातली, कारण तशी शिस्त मी त्यांना लावली होती. शिंपल्यांच्या सोंगट्यांत मी सलग तीन डाव हरले. सव्वाचारला गुडघाभर पाण्यातून, एकमेकींचे हात घट्ट धरून, आम्ही पलीकडे आलो.

वसईच्या स्टँडवर एसटीची वाट पाहत असताना पश्चिमेला बीजेची कोर दिसली. केसाएवढी बारीक. वहिनींनी हात जोडले. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

शुक्रवार असल्यामुळे गल्लीत माग बंद होते. इतकी शांतता की आमच्या ओल्या बुटांची फचफच टोकापर्यंत ऐकू जात असावी. वहिनींच्या ओट्यावर सासूबाई बसल्या होत्या. तुळशीपुढे पणती होती, वात तेलात भिजवून ठेवलेली. लावलेली नव्हती. शेजारी काड्यापेटी.

"लाव," त्या म्हणाल्या.

वहिनींच्या दोन काड्या विझल्या. तिसरीने दिवा लागला.

"माझी चूक, आई," वहिनी म्हणाल्या. "मी पाणी चुकले."

"नाही," मी पुढे झाले. "वेळ मी लिहिली होती. चूक माझी आहे."

"गप ऱ्हावा दोगीबी. कुटं अडाकलेल्या?"

ताईंनी चित्रांची वही उघडून त्यांच्या पुढ्यात ठेवली. ओट्यावरच्या बल्बखाली सासूबाईंनी ती डोळ्यांजवळ नेली. कोट, तट, चारी बाजूंना पाणी. "ही भरती हाय. पुरी भरती. टायम काय?"

"दीड," ताईंनी खालची ओळ वाचून दाखवली.

"बीज." त्या पुटपुटल्या. बोटांची पेरं मोजायचीही गरज पडली नाही. "आमच्या काल्हेरला पावनेतीन." थोडा वेळ त्या चित्राकडेच पाहत राहिल्या. "म्हंजी जे पानी माज्या बाच्या बांधाला लागायचं, ते आदी हितं येतं?"

"हो, आई. तिथूनच येतं," वहिनी म्हणाल्या.

"आन् ह्याच्या पल्याड कंचं गाव?"

"पलीकडे गाव नाही."

"गाव न्हाय? काट तरी असंल."

"काठही नाही, आई. नुसतं पाणी. नजर जाईल तिथवर."

सासूबाईंनी वही खाली ठेवली. साठी उलटलेली ती बाई. जन्म पाण्याकाठी गेला, भरतीच्या वेळा तोंडपाठ, पाण्यापासून शेत राखलेलं. आणि पलीकडचा काठ दिसत नाही असं पाणी तिने कधी पाहिलेलं नव्हतं. खाडीला पलीकडचा काठ नेहमी असतो. ही गोष्ट इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणाच्याही मनात आली नव्हती.

आम्ही तिघी निकालाची वाट पाहत उभ्या होतो. पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

"म्होरल्या शुक्रवारी काय तिथी?" त्यांनी विचारलं.

"नवमी," वहिनी म्हणाल्या.

"मंग दुपारी ओहोटी गावंल. मास्तरीनबाय, तुमची गाडी कितीची?"

"सहाची. पण..." मी पणतीकडे पाहिलं. "पण दिवा?"

"माजा ल्योक लावल. हात हायेत त्याला."

आतून त्यांचा मुलगा, म्हणजे वहिनींचे यजमान, दारापर्यंत आले होते. ते तसेच आल्या पावली परत गेले.

पुढच्या शुक्रवारी शाळा सुरू झाली होती. मी नोकरीत पहिल्यांदाच फिरण्यासाठी किरकोळ रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं आणि दिवसभर थोडं अपराधी वाटून घेतलं. पुठ्ठ्यावर भरती-ओहोटीची जागा मी कोरी सोडली होती. सासूबाईंनी गाडीत बसल्या बसल्या खाडीची वेळ सांगितली, वहिनींनी त्यातून सव्वा तास वजा केला, आणि मी लिहिलं. पेपरशी पाच मिनिटांत जुळलं.

सासूबाई बूट घालायला तयार नव्हत्या. त्या अनवाणीच खडकांवरून आमच्या पुढे चालत होत्या आणि मागे वळून "ये गो, ये" म्हणत होत्या. कोटाच्या बुरुजावर चढून त्या पश्चिमेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बराच वेळ. वहिनी त्यांच्या बाजूला. ताईंनी त्या दोघींचं पाठमोरं चित्र काढलं. ते तुमच्या आईच्या घरी जिन्याजवळ लावलेलं आहे. ती दोन माणसं कोण, हे तुम्ही मला गेल्या वर्षी विचारलं होतं. त्या ह्या.

पाऊणच्या सुमारास सासूबाईंनी खालच्या एका खडकाकडे बोट दाखवलं. त्याच्या कडेचा फेस उलट्या बाजूला सरकत होता. मला कुणी सांगितलं नसतं तर कळलंही नसतं.

"फिरलं," त्या म्हणाल्या. "निगालं आमच्याकडं."

"हो," वहिनी म्हणाल्या.

"चला मंग. ते पोचायच्या आदी घरी जाऊ."

पाच वाजता आम्ही गल्लीत शिरलो. ऊन अजून भिंतींवर होतं. तुळशीपुढे दिवा तेवत होता. वेळ चुकू नये म्हणून वहिनींच्या यजमानांनी तो चार वाजताच लावून ठेवला होता, पणती काठोकाठ भरून, आणि वाऱ्याने विझू नये म्हणून बाजूला खुर्ची घेऊन बसले होते.

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, दिव्याकडे पाहिलं, मग उन्हाकडे पाहिलं. "बरा लावलास," एवढंच म्हणाल्या आणि पाय धुवायला आत गेल्या.

त्यानंतर आम्ही चौघी फिरत असू.